साडेएकोणऐंशी सेंटीमीटर

संपादकांचं पत्र आलं. दिवाळी अंकासाठी तरुणांना उपयोगी पडेल असं काही लिहा म्हणाले, आणि मथळाही त्यांनीच सुचवला: 'तीन महिन्यांत पिळदार शरीर'. वाचलं आणि मस्तकात तिडीक गेली. बावीस वर्षं मी जळगावात एका मंडळाच्या व्यायामशाळेत शिकवायला होतो. त्या बावीस वर्षांत ज्या एका थापेशी मी रोज भांडलो, तीच थाप माझ्या नावानं छापायची म्हणतात. फोन करून सांगितलं की लिहीन, पण माझ्या मनाचं लिहीन. ते म्हणाले, "नाना, जरा हलकंफुलकं ठेवा." हलकंफुलकं माझ्याजवळ थोडंच आहे, तेवढं आधी देऊन टाकतो.

आमची व्यायामशाळा म्हणजे पत्र्याचं एक लांबट शेड. आत चार बेंच, दोन आडवे पाइप, डिप्सचा स्टँड आणि इथल्याच एका फाउंड्रीत ओतून घेतलेल्या प्लेटा. दहा किलोची म्हणून ओतलेली प्लेट साडेनऊ भरायची, आणि वीसची बावीस. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारला हात लावला तर भाजायचं, म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटे पाचला उघडून आठला बंद करायचो. एवढ्या शेडमध्ये ऐंशी-नव्वदच्या त्या वर्षांत रोज साठ-सत्तर पोरं यायची, आणि त्यातल्या पन्नास जणांना सगळं कालच हवं असायचं.

एक नवरदेव आला होता. लग्नाला दीड महिना होता. मेहुणा पैलवान गडी, फोटोत शेजारी उभं राहायची लाज वाटते म्हणाला. "नाना, फक्त खांदे करून द्या. बाकी नंतर बघू." मी त्याला सांगितलं की कोटाच्या खांद्यात शिंपी गादी घालून देतो, तेवढंच दीड महिन्यात होतं. तो रागावून निघून गेला. कोट मात्र त्यानं गादी घालूनच शिवला, मी वरातीत पाहिला.

एक बाप आला होता, जामनेरकडचा केळीवाला. पोराला महिनाभर झाला, अंगावर काही दिसत नाही, तुम्ही शिकवता काय, असं भर हॉलमध्ये विचारायला लागला. मी म्हटलं, "आबा, केळी लावल्यावर महिन्यात घड मागता का?" ते म्हणाले, "केळीला खत घालतो, पाणी देतो." मी विचारलं, पोराला काय घालता. तर पोरगा सकाळी चहा-खारी खाऊन यायचा आणि रात्री बारापर्यंत मित्रांबरोबर फिरायचा. बापाला ते ठाऊकच नव्हतं.

आता ज्यांनी कधी लोखंडाला हात लावला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण थापा मारणाऱ्यांचं सगळं तुमच्या अज्ञानावर चालतं. वजन उचलताना अंग वाढत नाही. उचलताना ते दमतं, दुखावतं. व्यायामानंतर फुगलेलं दिसतं ते रक्त असतं, तासाभरात उतरतं. खरी वाढ होते नंतर, जेवणात आणि झोपेत, आणि ती इतकी सावकाश होते की आरशाला दिसत नाही. अठरा-वीस वर्षांचा नवा पोरगा, आठवड्यातून चार दिवस इमानदारीनं करणारा, पोटभर भाकरी, डाळ, दूध, जमलं तर अंडी खाणारा, आठ तास झोपणारा, असा असेल तर पहिल्या वर्षात त्याचा दंड इंचभर वाढतो. नशीब चांगलं असेल तर सव्वा. दुसऱ्या वर्षी अर्धा. तिसऱ्या वर्षी पाव इंच आला तर पेढे वाटावेत. छातीचंही तसंच. पहिल्या वर्षाचं पीक एकदाच येतं, आणि पोरांना वाटतं ते दरवर्षी यायला पाहिजे. त्यात मनगट कुणाचं जाड, कुणाचं बारीक, ते आईबापाकडून आलेलं असतं, त्यावर माझा काही इलाज नव्हता. एवढंच खरं आहे. हे मी पहिल्याच दिवशी सांगायचो, आणि निम्मी पोरं दुसऱ्या दिवशी यायची नाहीत.

माप घ्यायचा आमचा नियम होता. वर्षातून एकदा, आखाजीच्या सकाळी. आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, खानदेशात तो दिवाळीइतकाच मोठा सण, त्यामुळे बाहेरगावी गेलेली पोरंसुद्धा घरी असायची. न्हाऊन यायचं, बारला हात लावायचा नाही, आणि थंड अंगाचं माप द्यायचं. मधल्या काळात टेप माझ्या पेटीत कुलपात. कारण पोरं फार लबाड. डिप्स मारून फुगलेला दंड मोजतील, टेप तिरकी धरतील, बोट आत घालतील, आणि सोळा इंच झाला म्हणून गावभर सांगत फिरतील. एकानं तर टेपचा पहिला इंचच कापला होता. त्याला मी आठवडाभर झाडू मारायला लावला.

पण लबाड पोरांचा मला राग नाही. राग आहे तो त्यांच्या जिवावर पोट भरणाऱ्यांचा. आमच्याकडे गजू नावाचा पोरगा होता, त्याच्या वडिलांची खानावळ होती. बसस्टँडजवळ एक माणूस पडदा लावून बसायचा, नावापुढं डॉक्टर लिहायचा, आणि वजन वाढवायच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. गजू दोन महिन्यांत सात किलो वाढला. तोंड गोल गरगरीत. त्याची आई म्हणायची, पोरानं बाळसं धरलं. हॉलमधली पोरं त्याच्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे बघायची, की हा म्हातारा आम्हाला वर्षाला एक इंच सांगतो आणि हा बघा. मी गजूच्या पायावर बोट दाबून दाखवलं. खड्डा पडला तो पडलेलाच राहिला. म्हटलं, हे मांस नाही, पाणी आहे. कुणी ऐकलं नाही. मग एक दिवस तो पडदेवाला गाव सोडून गेला, गोळ्या एकदम बंद झाल्या, आणि आठवड्याभरात गजू खानावळीच्या जिन्यात कोसळला. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या गोळ्यांनी शरीराचा स्वतःचा रस तयार करायचं काम थांबलं होतं, आणखी दोन तास उशीर झाला असता तर पोरगा गेला असता. पाच महिने लागले त्याला उभं राहायला. आधीपेक्षा चार किलो कमी झाला.

मी त्या बसस्टँडजवळच्या खोलीवर दोनदा जाऊन आलो. हातात काही नव्हतं, पण तो भेटला असता तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही. नुसतं कुलूप होतं. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझ्या कानशिलाची शीर उडते.

त्या प्रकरणानंतर पोरं माझ्या शब्दाला मानायला लागली. नाना फुगवून सांगत नाही, असं गावात नाव झालं. लोक पोरांना घेऊन यायचे ते हेच ऐकून. मला त्याचा फार अभिमान होता. मिलिंदची गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी घडली, आणि हे सगळं मी लिहायला घेतलं ते तिच्यासाठीच.

मिलिंद सोनवणे स्टेशनमागच्या बौद्ध वस्तीतला. बाप तो सातवीत असताना गेला. आई एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती, माहेर पारोळ्याकडचं, तिला सगळे अक्का म्हणायचे. पोरगा आयटीआयला फिटर शिकलेला, पण डोक्यात एकच, पोलीस व्हायचं. उंची होती. धावण्यात त्याच्या जवळपास कुणी नव्हतं, मेहरुणच्या तलावाला रोज पहाटे चकरा मारायचा. अडलं होतं ते छातीत. भरतीचा नियम असा की छाती न फुगवता एकोणऐंशी सेंटीमीटर भरली पाहिजे, आणि फुगवून पाच सेंटीमीटर फरक पडला पाहिजे. मिलिंद माझ्याकडे आला तेव्हा बहात्तर होता. पहिल्या वर्षी साडेचौऱ्याहत्तर, दुसऱ्या वर्षी साडेपंच्याहत्तर, तिसऱ्या वर्षी शहात्तर. बघा, मी वर सांगितलं तसंच. फरकाची काळजी नव्हती, धावणाऱ्याची फुफ्फुसं होती, फुगवून सहा सेंटीमीटर वाढायचा.

त्या दिवाळीला तो माझ्याकडे आला. पुढच्या पावसाळ्यात त्याचं वय, सवलत धरूनसुद्धा, संपत होतं. म्हणजे येणारी भरती शेवटची.

"नाना, तीन सेंटीमीटर होतील का?"

मी म्हटलं, "चौथ्या वर्षी? पाच-सहा महिन्यांत? एक होईल. दीड झालं तर डोक्यावरून पाणी."

"मग सोडून देऊ का?"

खरं उत्तर 'हो' होतं. पण त्याचं तोंड बघून मी म्हटलं, "करून बघू. पाठीवर जोर देऊ." टेप काही नुसत्या छातीवरून जात नाही, पाठीवरूनही जाते, आणि पाठीवर मांस धरायला जागा जास्त. त्याला आडव्या पाइपवर लटकवला, वाकून बार ओढायला लावला. अक्कानं पदरमोड करून शेंगदाणे, उडदाची डाळ, दिवसाआड अंडी सुरू केली. स्टेशनवर वॅगनी भरताना घडातून गळालेली केळी हमाल लोक त्याला बाजूला काढून ठेवायचे. तो पोरगा चार महिने जसा राबला तसा मी दुसरा कुणी पाहिलेला नाही.

आणि माझा एक नियम होता, ज्याचा मला त्या काळात फार गर्व होता. पोक काढून चालणारा पोरगा मला खपायचा नाही. हॉलमध्ये पाऊल टाकलं की छाती बाहेर, खांदे मागं. ज्याची छाती पडलेली दिसेल त्याला वीस बैठका. "छाती काढ रे" हे मी दिवसातून शंभरदा ओरडायचो. मिलिंद सगळ्यांत आज्ञाधारक. तो रेशनच्या रांगेतसुद्धा छाती काढून उभा असायचा. लोक हसायचे, तो हसू द्यायचा. कधीकधी वाटायचं, झोपतोसुद्धा तसाच असेल.

फेब्रुवारीत एक दिवस संध्याकाळी तो डिप्स मारत होता. संपले तसा घामानं निथळत माझ्याजवळ आला आणि पॅन्टच्या खिशातून नेमणुकीच्या पत्राचं पाकीट काढलं. एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात फिटरची जागा निघाली होती, सहा महिन्यांनी कायम करणार होते. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं आणि मालक भरतीसाठी सुट्टी द्यायला तयार नव्हता. एकदा हजर झाला की भरती विसरायची.

"नाना, माप घ्या."

"आखाजीला."

"आखाजीला घेऊन काय करू? भरती त्याच्या पंधरा दिवस आधी धुळ्याला आहे. आणि ही जागा आखाजीपर्यंत थांबणार नाही."

मी पेटी उघडून टेप काढली. पोरं गोळा झाली. गरम अंग, रक्तानं भरलेली छाती, भोवती वीस-पंचवीस पोरं डोळे लावून, आणि टेप लावता लावता माझ्याच तोंडून, सवयीनं, निघालं, "छाती काढून उभा राहा." तो राहिला. मी वाचलं. साडेएकोणऐंशी.

पोरांनी त्याची पाठ बडवली. मी दुसऱ्यांदा मोजलं नाही. गार झाल्यावर ये म्हटलं नाही. श्वास सोड म्हटलं नाही. चार महिन्यांत साडेतीन सेंटीमीटर, चौथ्या वर्षी. दुसऱ्या कुणी येऊन मला असं सांगितलं असतं तर मी त्याला थापाड्या म्हणून हॉलबाहेर काढलं असतं. पण हा माझा पोरगा होता, ही माझी मेहनत होती, आणि तो आकडा मला हवा होता. त्या क्षणी मला आनंद झाला, खोटं का सांगू, छाती माझीच फुगली.

मिलिंदनं पाकिटाकडे बघितलं. "मग यांना नाही कळवू?"

"कळव," मी म्हणालो.

त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन नाही म्हणून सांगून आला.

धुळ्याला मी त्याच्याबरोबर गेलो. आदल्या दिवशीच पोचलो, पहाटे मैदानावर रांगेत उभे राहिलो. म्हणजे तो राहिला, मी दोरीच्या बाहेर. आधी उंची आणि छाती, त्यात बसला तरच धावायला मिळायचं. छाती मोजायला एक वयस्कर हवालदार होता. माझ्यापासून दहा पावलांवर, प्रत्येक शब्द ऐकू येत होता. त्यानं टेप लावली, म्हणाला, "साडेएकोणऐंशी. फुगव." मिलिंदनं फुगवली. "साडेब्याऐंशी. तीनच फरक."

फरकाची तर आम्ही काळजीच केली नव्हती.

हवालदार लिहून पुढं ढकलू शकला असता. पण त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "तू आधीच फुगवून उभा आहेस. श्वास सोड."

"सोडलाय, साहेब."

"नाही सोडलास. घरी ओट्यावर उभा असतोस ना, तसा उभा राहा."

मिलिंद उभा राहिला. छाती तशीच बाहेर. तो घरी ओट्यावर तसाच उभा असायचा. हवालदारानं त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून खाली दाबले, आणि बरगड्यांवर तळवा ठेवून सांगितलं, "इथून सोड, बेटा." तेव्हा ती छाती खाली आली. मी ती छाती खाली गेलेली मागच्या आखाजीच्या मापानंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

"सत्त्याहत्तर," हवालदार म्हणाला. "दोन कमी पडतात. फुगवली ठेवली तर फरक कमी, सोडली तर माप कमी. तूच सांग मी काय लिहू?"

सत्त्याहत्तर. दिवाळीला शहात्तर होता, पाच महिन्यांत एक. मी स्वतः सांगितलं होतं, एक होईल म्हणून. अंगानं आपलं काम चोख केलं होतं. त्या मैदानावर धावण्यात त्याला कुणी हरवलं नसतं, पण धावायची वेळच त्याच्यावर आली नाही. नऊ वाजायच्या आत आम्ही फाटकाबाहेर होतो.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. पारोळ्याला गाडी थांबली. मी भजी आणली, त्यानं हात लावला नाही. मग म्हणाला, "नाना, माझं कुठं चुकलं?"

इथं मी जे केलं त्याचा मला त्या टेपपेक्षाही जास्त राग येतो. त्या बसमध्ये, त्या सीटवर बसून मला सगळं कळलेलं होतं. गरम अंगाचं माप मी घेतलं. छाती काढ मी म्हणालो. तीन वर्षं वीस-वीस बैठकांच्या धाकानं त्याला श्वास सोडायचा विसर मी पाडला. कळव मी म्हणालो. आणि मी त्याला म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. तो हवालदार टेप खाली धरत होता. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली असतास तर लागला असतास."

ज्या म्हाताऱ्यानं त्याला बेटा म्हटलं, खांद्यावर हात ठेवून तिसरी संधी दिली, त्याच्यावर मी ढकललं. मिलिंदनं मान हलवली.

तिसऱ्या दिवशी अक्का हॉलवर आली. कामावरून तशीच आली होती. बायका आमच्या हॉलमध्ये येत नसत, ती दारातच उभी राहिली.

"नाना, पोऱ्या दोन दिवस व्हयनात जेवना नही."

मी म्हटलं, येतो मी घरी.

"त्यानी बठ्ठं तुमना शब्दवर सोडं," ती म्हणाली. बठ्ठं म्हणजे सगळं. भांडायला आली नव्हती. मग हळूच विचारलं, की त्या कारखानावाल्याला सांगून बघता का.

मी त्याच दिवशी एमआयडीसीत गेलो. मालक भला माणूस होता, चहा पाजला. जागा मिलिंदनं नाही म्हटल्याच्या चौथ्या दिवशी भरली होती. दुसऱ्या दोन ठिकाणी विचारलं, तिथंही काही जमलं नाही. आठवड्याभरानं कळलं की मिलिंद सुरतेला गेला, तिकडं ओळखीच्या कुणी कापडाच्या लूमवर लावून देतो म्हटलं होतं. आपल्याकडची निम्मी पोरं तिकडेच जातात. जाताना तो मला भेटायला आला नाही. मला बरं वाटलं, असं लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

त्या वर्षी आखाजीला पोरं न्हाऊन, टॉवेल खांद्यावर टाकून माप द्यायला आली. मी सांगितलं, टेप हरवली. ती पेटीतच होती. पुढच्या वर्षी नवी आणली, आणि माप घेताना "छाती काढ" म्हणायचं बंद केलं. "श्वास सोड" म्हणायला लागलो. पोक काढणाऱ्यांच्या बैठका बंद केल्या. पोरांना वाटलं नाना म्हातारा झाला, ढिला पडला. नंतर सहा-सात वर्षं मी ते काम केलं आणि सोडलं. त्या वर्षांत किती पोरांना खरं सांगितलं याची गणतीच नाही. पण प्रत्येक वेळी खरं सांगताना मनात यायचं, की हा पोरगा माझ्यावर किती विश्वास ठेवतोय.

मिलिंद त्यानंतर एकदाच भेटला. चार-पाच वर्षं गेली असतील. जळगाव स्टेशनवर, सुरतेकडच्या पॅसेंजरची वाट बघत बसला होता. अक्काला बरोबर न्यायला आला होता, ती बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. मला पाहिलं तसा उठला. "जयभीम, नाना." अंग जाड झालेलं, पोट सुटलेलं, डोळे लूमवर काम करणाऱ्यांचे असतात तसे लाल. आणि खांदे पुढं आलेले. मला ते आधी दिसलं.

इकडचं तिकडचं बोललो. हॉल चालतो का, गजू काय करतो. मी मनाशी ठरवत होतो, की आता सांगायचं. हवालदाराची टेप बरोबर होती, हे एवढं वाक्य. जिभेवर आलं होतं.

तोच म्हणाला, "नाना, सुरतेला गेलो ना, पहिल्याच महिन्यात एका शिंप्याकडे छाती मोजून घेतली. म्हटलं, नीट मोज. त्यानं तीनदा मोजली. सत्त्याहत्तर."

मी खाली बघत होतो.

"म्हणजे त्या हवालदारानं बरोबरच मोजलं होतं," तो म्हणाला. "मी उगाच त्याला शिव्या देत होतो."

गाडी येत असल्याची घोषणा झाली. अक्का उठायला लागली, त्यानं तिला हात दिला, गाठोडं उचललं आणि पुन्हा माझ्याकडे वळला.

"दुसऱ्या कुणी साडेएकोणऐंशी सांगितलं असतं ना नाना, तर मी त्याच दिवशी, नाही म्हणायच्या आधी, शिंप्याकडे गेलो असतो. तुम्ही सांगितलं म्हणून गेलो नाही."

हे तो रागानं बोलला नाही. तसं बोलला असता तर मला भांडता आलं असतं, आयुष्यभर मी तेच केलं आहे. त्यानं आईला डब्यात चढवलं, खिडकीतून गाठोडं आत दिलं, आणि गाडी हलेपर्यंत मी त्याला एवढंच विचारू शकलो, की सुरतेला किती वाजता पोचते.